शेगडीचं सॉकेट पुन्हा जळलं: जुन्या घरात दोष कुठे शोधायचा

विजेच्या शेगडीचं सॉकेट एकदा जळलं तर माल हलका निघाला म्हणून सोडून देता येतं. वर्षभरात दुसऱ्यांदा जळलं तर मात्र दोष दुसरीकडे आहे असं धरूनच चालावं. प्रत्यक्षात होतं काय, तर 'या वेळी चांगल्यातलं बसवू' म्हणून तिसरं सॉकेट आणलं जातं, त्याच तारा नव्यात कसल्या जातात, शेगडी तापते, सगळे खूश. चारसहा महिन्यांनी फेजच्या भोकाभोवती पुन्हा तपकिरी कडं दिसायला लागतं आणि शेगडी तासभर चालली की माशासारखा उग्र वास सुटतो.

मी जुन्या घरांतल्या वायरिंगची दुरुस्ती करतो. अशाच एका स्वयंपाकघरात तिसरं जळलेलं सॉकेट उघडलं, तेव्हा त्याच्यापेक्षा त्यात शिरलेली तारच जास्त बघण्यासारखी होती. टोकापासून चार बोटं अंतरापर्यंत तिचं आवरण बिस्किटासारखं कडक झालं होतं. नखानं दाबलं की खपली पडायची. आतलं तांबं काळपट जांभळं. टर्मिनलच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो जोर न लावताच दीड फेरा फिरला. सॉकेट बदलताना प्रत्येक वेळी हेच भाजलेलं टोक पुढच्या सॉकेटमध्ये गेलं होतं. शेगडीचा पिनटॉपही (सॉकेटमध्ये जाणारा प्लग) पहिल्यापासूनचाच. त्याच्या फेजच्या पिनेवर ठिणग्यांनी पडलेले बारीक खड्डे बोटाला लागत होते. अशा तारेवर आणि अशा पिनेवर बसवलेलं नवं सॉकेट पहिल्या दिवसापासूनच आजारी असतं.

म्हणून आधी हे सांगतो. जळलेलं सॉकेट बदलायचं तर तीन गोष्टी एकत्र बदला: सॉकेट, पिनटॉप आणि तारेचं भाजलेलं टोक. टोक मागे कापत जा, लाल चमकदार तांबं आणि मऊ आवरण लागेपर्यंत. कापल्यावर तार तोकडी पडली तर ओढून ताणून बसवू नका. ताणलेली तार स्क्रूखालून हळूहळू सरकते. तशा वेळी तो तुकडाच नवीन टाकायचा. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच टाळलं जातं, कारण जुन्या पाइपातून तार ओढणं कंटाळवाणं आणि सॉकेट बदलणं दहा मिनिटांचं काम.

एवढी उष्णता येते कुठून

आधी एक गैरसमज. शेगडीच्या लाइनला लोक 'हाय व्होल्टेज' म्हणतात, पण विद्युत मानकांच्या भाषेत 1000 व्होल्टपर्यंतची एसी लाइन ही लो व्होल्टेजच. आपल्या तक्रारीत व्होल्टेजचा फारसा हात नसतो. हात असतो करंटचा, आणि तोही तासन्‌तास वाहणाऱ्या. दिवा-पंख्याला अर्धा-एक अँपियर पुरतो. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपियर घेते, 3500 वॅटची पंधराच्या वर आणि चार चुली व ओव्हन असलेला 7200 वॅटचा कुकर एकतीस.

टर्मिनलमध्ये तार घट्ट बसली असेल तर तिथला रोध इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरवर दिसतही नाही. स्क्रू सैल झाला, तांब्यावर काजळी धरली की तो वाढतो. समजा, तो 0.1 ओहम झाला. ऐकायला काहीच नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबात वाढते, म्हणजे 15 अँपियरला 15 गुणिले 15 गुणिले 0.1, अर्थात साडेबावीस वॅट. सोल्डरिंग करायची छोटी इस्त्री साधारण 25 वॅटची असते. ती इस्त्री बोर्डाच्या आत, प्लास्टिकला टेकवून, तासभर चालू ठेवली तर काय होईल, तेच तुमच्या सॉकेटमध्ये होतंय. त्या उष्णतेनं तांबं आणखी काळवंडतं, स्प्रिंगची पकड ढिली पडते, रोध आणखी वाढतो. शिवाय शेगडी रोज तापते-थंडावते, त्याबरोबर धातू प्रसरण-आकुंचन पावतो आणि स्क्रूची पकड आणखी सुटत जाते.

आणि एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा बोर्डावरचा स्विच? ती गप्प बसते. लोकांना हे पटत नाही. 'एवढं जळलं तरी एमसीबी पडली कशी नाही?' असं हमखास विचारलं जातं. एमसीबीला सॉकेटमधली उष्णता दिसत नाही, तिला फक्त तिच्यातून जाणारा करंट कळतो, आणि सैल स्क्रूमुळे करंट वाढत नाही, झालाच तर किंचित कमी होतो. घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे रेटिंगच्या 1.13 पट करंटला तिनं तासभर पडायचं नसतं आणि 1.45 पटीला तासाभरात पडायलाच हवं. 16 अँपियरची एमसीबी 18 अँपियरवर तासभर सुखानं बसून राहते. तिच्या भरवशावर राहू नका.

जळलेल्या खुणा वाचा

सॉकेट फेकून देण्याआधी नीट बघा. काळं कुठे झालंय यावरून अर्धं निदान होतं.

कामाआधी मेन बंद करा, आणि घरातल्या कुणी ती परत वर करू नये म्हणून चिठ्ठी लावा किंवा कुलूप घाला. मग लाइन खरोखर मेली आहे का ते तपासा. टेस्टर चालतो याची खात्री मेन बंद करण्याआधीच एखाद्या चालू पॉइंटवर करून घ्या. खिशातला निऑन टेस्टर यासाठी पुरेसा नाही. दोन टोकांचा टेस्टर वापरा. जुन्या घरात तर रंगांवरही विश्वास ठेवू नका: लाल-काळा-हिरवा अशी जुनी पद्धत, तपकिरी-निळा-हिरवापिवळा अशी नवी, आणि मधल्या दुरुस्त्यांत हाताला लागेल तो रंग. काळी तार न्यूट्रलच असेल असं मी आजवर कुणालाही लिहून दिलेलं नाही.

आता खुणा. सॉकेटच्या पुढच्या बाजूला, भोकाच्या कडेलाच वितळलंय आणि मागचं टर्मिनल स्वच्छ आहे? मग पकड गेली आहे, पिन आणि स्प्रिंग यांच्यातला संपर्क कच्चा आहे. जुन्या सॉकेटच्या पट्ट्या फाकलेल्या असतात. पिन घालताना-काढताना जोर लागत नसेल तर तेच. सगळ्या प्रकारच्या पिना चालणारी युनिव्हर्सल सॉकेटंही याच गटात. त्यांच्या पट्ट्या गोल पिनेला अंगभर बिलगत नाहीत, नुसत्या टेकतात. मोबाइल चार्ज करायला ठीक. शेगडीला मी ती लावत नाही.

पुढून ठीक, मागे टर्मिनलपाशी काळं आणि तारेचं आवरण शेवटच्या दोन-चार इंचांतच भाजलेलं? मग स्क्रू सैल. यात एक खास प्रकार सारखा सापडतो: बारीक तारांच्या लवचिक वायरीच्या टोकाला कथिल लावून ते स्क्रूखाली दाबलेलं. करणाऱ्याला वाटतं काम पक्कं झालं. कथिल मऊ असतं, दाबाखाली दबत जातं आणि काही महिन्यांत स्क्रूखाली जागा तयार होते. तिथे कथिलाऐवजी फेरूल किंवा लग (तारेच्या टोकावर घालायची धातूची नळी किंवा कडी) दाबून बसवावा.

तिसरी खूण सगळ्यात वाईट. आवरण टोकाशीच नाही, तर पाइपात जितकं आत दिसतंय तितकं कडक, रंग उडालेलं. म्हणजे अख्खी तारच तापते आहे. तिथे सॉकेटचा विषयच संपला.

तार पुरेशी आहे का

जुन्या घरांतल्या तारांचा आकार चौरस मिलिमीटरमध्ये नसतो, तारांची संख्या आणि गेज असा असतो: 'तीन-बावीस', 'तीन-वीस', 'सात-वीस'. टोक सोलून तारा मोजा. 22 गेजच्या तीन तारा म्हणजे जेमतेम 1.2 चौरस मिलिमीटर, ती दिव्यांची वायर. 20 गेजच्या तीन म्हणजे सुमारे 2. 20 गेजच्या सात म्हणजे साडेचारच्या आसपास. शेगडीसाठी यातली ही शेवटची एकच विचारात घेण्यासारखी, तीही आवरण शाबूत असेल तर. रबर आणि सुती विणीचं जुनं आवरण असेल तर हातही लावू नका. बोर्डात वाकवलं की ते तुकड्यातुकड्यानं गळतं आणि मग पाइपात कुठे उघडं पडलंय ते कळत नाही.

तार अल्युमिनियमची निघाली तर तिचा वेगळा विचार हवा. तिची वाहकता तांब्याच्या साठ-एकसष्ट टक्के, म्हणजे त्याच कामाला दीडपटीहून जाड तार लागते. वर ती तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगते, स्क्रूखाली दबून पातळ होत जाते आणि हवेत तिच्यावर लगेच जो ऑक्साइडचा थर येतो तो वीज वाहत नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या मध्यापासून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घरांत अल्युमिनियमची वायरिंग बरीच झाली आणि तिथे जोड तापण्याच्या तक्रारी पुढे कायमच्या चिकटल्या. तांबं आणि अल्युमिनियम यांना एकत्र पीळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड दिसला, तर तो आज ना उद्या तापणार. दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर हवा, नाहीतर सरळ तांब्याची नवी लाइन.

मग लूपिंग. जुन्या स्वयंपाकघरात एका पॉवर पॉइंटवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असा फेज फिरवलेला असतो. शेगडी शेवटच्या पॉइंटवर लावली तर तिचा करंट आधीच्या प्रत्येक टर्मिनलमधून जातो. शेगडीचं सॉकेट थंड आणि दोन हात पलीकडचा, कधीच न वापरलेला बोर्ड गरम, असं कोडं दिसलं की उत्तर लूपिंगमध्ये असतं.

हे न खोदता शोधायची एक रीत आहे, मल्टिमीटर हाताळायची सवय असलेल्यानंच करावी. शेगडी पूर्ण जोरावर चालू करा. त्याच लाइनवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी मेन बोर्डावरही. मेन बोर्डावर 229 आणि इथे 226 असेल तर सोडून द्या, तारेत एवढी घट होतेच. इथे 217 असेल तर मधल्या वाटेत 12 व्होल्ट गेले. 15 अँपियरला म्हणजे 180 वॅट तुमच्या भिंतीत कुठेतरी उष्णता होऊन बसलेत. पंधरा मीटर अंतरावर 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर 15 अँपियरला साडेपाच व्होल्टच जायला हवेत, 4 चौरस मिलिमीटरची असेल तर दोन. त्याहून बरेच जास्त जात असतील तर तारेबरोबर एखादा जोडही खराब आहे. एकेक बोर्ड गाठत मोजत गेलं की तो सापडतो.

एमसीबी पडते, पण केव्हा

काही घरांत सॉकेट जळत नाही, लाइन पडते. इथे घड्याळ बघणं महत्त्वाचं. शेगडी लावताक्षणी पडली तर शॉर्ट. वीस मिनिटांनी, अर्ध्या तासानं पडते आणि थोडं थांबून परत उचलली की राहते, तर लोड जास्त आहे. किंवा एमसीबीचाच टर्मिनल स्क्रू सैल असून त्या उष्णतेनं आतली पट्टी वाकते. दुसऱ्या प्रकारात मोठी एमसीबी लावणं हा उपाय सर्रास केला जातो. एमसीबी तारेच्या संरक्षणासाठी असते, शेगडीच्या सोयीसाठी नाही. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेवर 32 अँपियरची एमसीबी म्हणजे जुन्या फ्यूजच्या कटआउटमध्ये जाड तार गुंडाळण्याचीच नवी आवृत्ती.

आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थकडे गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, पडत असेल तर गळती शोधा. ओव्हन बरेच दिवस बंद होता आणि पहिल्यांदा लावल्यावर पडली, तर बहुधा एलिमेंटनं ओल धरली आहे. नळीच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि टोकांच्या सीलमधून ती हवेतली ओल ओढते. यासाठी आरसीसीबी बायपास करून ओव्हन 'सुकवणारे' महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका. 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) इन्सुलेशन तपासून घ्या. लाइनचा आकडा एक मेगाओहमच्या वर हवा. शेगडी काढून लाइन वेगळी मोजली की दोष कुणाचा ते पाच मिनिटांत कळतं.

जिथे 120-240 व्होल्टची पद्धत आहे तिथे आणखी एक गंमत होते: ओव्हनचं घड्याळ आणि दिवा चालू, चुली मात्र थंड. दोन फेजपैकी एक गेला की असं होतं. घड्याळ 120 वर चालतं, एलिमेंटला दोन्ही फेज लागतात. जळलेलं एक भोक किंवा उडालेला एक फ्यूज शोधा.

अर्थिंगचं काय

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं जुन्या घरात मानता येत नाही. मागे तारच नसते, किंवा तार असते पण ती जिथे नेऊन बांधली तो पाण्याचा लोखंडी पाइप मधल्या काळात प्लास्टिकचा झालेला असतो.

अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा दिवा लावून बघायची जुनी पद्धत फसवी आहे, आणि अर्थ तुटलेला असेल तर धोक्याचीही. 100 वॅटच्या दिव्याचा चालू असतानाचा रोध 529 ओहम. अर्थचा रोध 50 ओहम असला तरी दिवा झकास पेटतो. पण शेगडीच्या अंगात फेज उतरला तर त्या 50 ओहममधून साडेचार अँपियरच वाहतील आणि 16 ची एमसीबी ढिम्म हलणार नाही. शेगडी धातूची, हात ओले. म्हणून अर्थ लूप टेस्टरनं मोजून घ्या आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी बसवा.

अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा जोडणं, हा मात्र मला राग आणणारा प्रकार आहे. न्यूट्रल कुठेही सुटला की शेगडीचं अख्खं अंग जिवंत होतं. जुन्या मेन बोर्डावर न्यूट्रललाही कटआउट असतं हे लक्षात घ्या. ते उडालं की शेगडी बंद दिसते आणि हात लावणाऱ्याला शॉक बसतो. अमेरिकेत तर शेगडीच्या तीन तारांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थचं काम करत असे. 1996 च्या तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडपासून नव्या लाइनला चौथी, स्वतंत्र अर्थची तार सक्तीची झाली. तिथल्या जुन्या शेगडीला चार तारांची कॉर्ड लावताना न्यूट्रल आणि शेगडीचं अंग यांना जोडणारी पट्टी काढावी लागते. ती राहून गेली तर चौथ्या तारेचा उपयोग शून्य.

शेवटी काम कसं करून घ्यायचं

मेन बोर्डापासून शेगडीपर्यंत स्वतंत्र लाइन, मध्ये जोड नाही, दुसरा कुठलाही पॉइंट नाही. 16 अँपियरच्या पिनटॉपवर चालणाऱ्या शेगडीला 4 चौरस मिलिमीटर तांबं आणि 16 किंवा 20 ची एमसीबी. चारचुली कुकरला पिनटॉप नकोच. 6 चौरस मिलिमीटर, 32 ची एमसीबी, भिंतीवर हाताशी येईल असा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच आणि तिथून तार थेट कुकरच्या टर्मिनलला. स्विच शेगडीच्या डोक्यावर नको, बाजूला हवा. पेटलेल्या भांड्यावरून हात नेऊन बंद करायची वेळ येऊ नये. वायरमन परवानाधारक बघा. तो जुनी तार ओढताना त्याच पाइपात नवी घालू म्हणाला तर पाइपात आणखी कुठल्या तारा आहेत ते आधी विचारा. गर्दीत तार थंड होत नाही.

काम झाल्यावर शेगडी अर्धा तास पूर्ण जोरावर चालवा. मग बंद करा, पिनटॉप काढा आणि लगेच पिनांजवळच्या प्लास्टिकला बोट लावा. धातूच्या पिनांना नको, त्या चटका देऊ शकतात. कोमट लागलं तर ठीक. बोट ठेववत नसेल तर बोर्ड पुन्हा उघडायचा. हीच तपासणी महिन्याभरानं एकदा करा आणि त्याच वेळी मेन बंद करून टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. नव्या तांब्याच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत स्क्रूखाली थोड्या बसतात, त्यामुळे पाव फेरा तरी फिरतोच.